विडंबनकार स्थायी समितीत: आचार्य अत्रे आणि मंडईच्या नावाचं प्रकरण

१९३८ च्या सुमारास पुणे नगरपालिकेच्या स्थायी समितीचा अध्यक्ष एक विडंबनकार होता. कंत्राट कुणाला, कुठल्या पेठेत किती पैसा, कुठला खर्च पुढच्या सभेवर ढकलायचा, हे सगळं ज्या समितीतून जातं तिच्या खुर्चीवर प्रल्हाद केशव अत्रे बसले होते. म्हणजे 'केशवकुमार'. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी 'झेंडूची फुले' काढून पुण्यातल्या भल्याभल्या कवींची झोप उडवणारे तेच गृहस्थ.

कवी राजकारणात गेला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. 'बिचारा कुठे जाऊन अडकला' ही एक, आणि 'बघा, शेवटी तोही तसलाच निघाला' ही दुसरी. अत्र्यांच्या वाट्याला दोन्ही येऊन गेल्या. त्यांचं सगळं राजकारण इथे मांडायचं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, 'मराठा'तले अग्रलेख, त्यातली तिखट आणि कित्येकदा शिवराळ भाषा यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. इथे एकच प्रकरण घ्यायचं आहे: रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली ते. त्यात अत्र्यांमधल्या कवीने नेमकं काय काम केलं, हा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. ते नामकरण हे अत्र्यांचं सगळ्यात टिकलेलं विडंबन आहे, आणि ते वृत्तात नसून पालिकेच्या ठरावात आहे.

निवडून नेमकं कोण आलं

पुणेकरांनी कवीला मत दिलं असं समजायचं कारण नाही. त्या काळी नगरपालिकेला सरसकट मतदान नव्हतं. मालमत्ता, कर, भाडं असल्या अटींत बसणारालाच मत. असा मतदार कवितेवर भाळून मत देत नाही. त्याने मत दिलं ते काँग्रेसच्या उमेदवाराला, आणि त्याहून जास्त कदाचित हेडमास्तरांना.

अत्रे मूळचे सासवडजवळच्या कोडीतचे, जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा. १९१९ साली फर्ग्युसनमधून बीए झाले आणि मास्तरकीत शिरले. कॅम्प एज्युकेशन सोसायटीची शाळा त्यांनी हातात घेतली तेव्हा तिची अवस्था यथातथाच होती. तिथे हेडमास्तर म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली आणि ती नावारूपाला आणली. मध्ये लंडनला जाऊन १९२८ साली शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले. राजा धनराज गिरजी हायस्कूल आणि मुलींसाठी आगरकर हायस्कूल यांच्या उभारणीतही त्यांचा हात होता. 'नवयुग वाचनमाला' घरोघरच्या पोरांच्या दप्तरात पोचली. आणि हे सगळं चालू असताना नाटकं: १९३३ ला 'साष्टांग नमस्कार', मग पाठोपाठ 'घराबाहेर', 'भ्रमाचा भोपळा', 'उद्याचा संसार', 'लग्नाची बेडी'. १९३७ मध्ये 'वंदे मातरम्'. त्याच वर्षी बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात सत्तेवर आलं. हवा कुठल्या दिशेने वाहते आहे हे ओळखायला नाटककारापेक्षा चांगला माणूस शोधून सापडणार नाही.

आज सेलिब्रिटी उमेदवार म्हटलं की जो प्रकार डोळ्यांसमोर येतो तो इथे लावू नये. शाळा चालवलेल्या माणसाला ग्रँट कशी मिळवतात, कारकून कागद कुठे दाबून ठेवतो, गळकं छप्पर पावसाआधी दुरुस्त करायला कुणाच्या दारात जावं लागतं हे ठाऊक असतं. कॅम्पाचा कारभार छावणीकडे आणि शहराचा नगरपालिकेकडे, त्यामुळे अत्र्यांना दोन्हीकडच्या कचेऱ्यांची तऱ्हा बघायला मिळाली असणार. नगरपालिकेत गेले तेव्हा ते कोरे नव्हते.

आधी विडंबन समजून घ्यावं लागेल

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली मोठी नावं. कविता जाहीर म्हणून दाखवायची टूम त्यांनी रुजवली. तरुण पोरं त्यावर खूश होती आणि प्रेमकवितेला भलताच ऊत आला होता. अत्र्यांनी या कवितेवर टीकालेख लिहिला असता तर तो आज कुणाच्या खिजगणतीत नसता. त्यांनी तशीच कविता लिहिली. वृत्त तेच, आर्जव तेच, शब्दांचा थाट तोच. आत मात्र परीट, पादत्राण, गुलकंद. 'प्रेमाचा गुलकंद'मधला प्रियकर रोज गुलाब नेऊन देतो, मनोराज्यं रचतो, आणि शेवटी कळतं की बाईसाहेबांनी त्या फुलांचा गुलकंद घालून बरणी भरून ठेवली आहे.

विडंबनकार मोडतोड करत नाही, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. समोरची इमारत तो जशीच्या तशी उभी ठेवतो आणि तिच्यात भलत्याच भाडेकरूला आणून बसवतो. त्यासाठी मूळ इमारत पक्की माहीत असावी लागते. अत्रे गोविंदाग्रजांना, म्हणजे गडकऱ्यांना गुरू मानत. गंभीर, भावपूर्ण कविता कशी लिहितात हे त्यांना येत होतं आणि त्यांनी ती लिहिलीही. ज्याला मूळ चीज गाता येत नाही त्याने केलेली नक्कल दोन ओळींतच फसते.

इमारत आणि तिचा विरोधक

रे मार्केट बांधलं गेलं ते १८८५-८६ मध्ये. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर भरायचा. शुक्रवार पेठेत नवी दगडी इमारत उठली: मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यातून निघालेले लांब पाखे, गॉथिक कमानी. कंत्राटदार होते वासुदेव बापूजी कानिटकर. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. गव्हर्नरचं नाव इमारतीला देणं ही त्या काळची नेहमीची रीत होती, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसावं.

एका माणसाला मात्र अशा उधळपट्टीचं वावगं वाटत होतं. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते तेव्हा त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करण्याचा विषय पालिकेत आला. विरोधात हात वर केला तो एकट्या फुल्यांनी. मार्केटच्या भव्य इमारतीवर लाखांनी पैसा घालायलाही त्यांचा विरोध होता. लोकांची मुलं शाळेविना असताना हा थाट कशाला, असा त्यांचा रोख. आता यातली मौज बघा. फुले जातीने माळी, मांजरीला शेती करणारे, स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतलेले. भाजी पिकवणं, विकणं आणि इमारत बांधणं या तिन्हींतलं ज्याला खरोखर कळत होतं तोच सभासद या इमारतीच्या विरोधात होता.

विरोध झाला, इमारत झाली, रे साहेबांचं नाव लागलं. १८९० मध्ये फुले गेले. पुणं त्यांना सोयीस्करपणे विसरलं.

१९२५: पुतळा जो उभा राहिला नाही

मंडईच्या नावाचं प्रकरण १९३८ मध्ये सुरू झालं असं धरलं तर त्याचा अर्थच लागत नाही. ते सुरू होतं १९२५ मध्ये.

आदल्या वर्षी मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला होता. अनावरणाला मोतीलाल नेहरू आले होते. नगरपालिकेत तेव्हा केशवराव जेधे होते. शुक्रवार पेठेतलं त्यांचं जेधे मॅन्शन हे ब्राह्मणेतर चळवळीचं ठाणं. टिळकांचा पुतळा होतो तर फुल्यांचा का नाही, असा त्यांचा सरळ सवाल होता आणि तसा ठराव त्यांनी पालिकेपुढे आणला. गदारोळ झाला. फुल्यांवर गलिच्छ मजकुराची पत्रकं निघाली. ठराव बारगळला. उत्तरादाखल दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' लिहिलं आणि त्यात टिळक-चिपळूणकरांवर त्याच मापाने आसूड ओढले. खटला उभा राहिला, शिक्षा झाल्या, आणि १९२६ मध्ये अपिलात आरोपी सुटले. अपिलात त्यांची बाजू मांडणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

म्हणजे 'झेंडूची फुले' ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी त्याच शहरात फुल्यांच्या नावावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. सदाशिव-नारायण पेठेत कवितेवरून भांडण, शुक्रवारात पुतळ्यावरून. दोन भांडणांचा एकमेकांशी संबंध आहे असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

पालिकेतलं वातावरण पुढेही काही निवळलं नव्हतं. २५ जून १९३४ रोजी गांधीजी नगरपालिकेचं मानपत्र घ्यायला निघाले असताना पुण्यात त्यांच्यावर बाँब टाकला गेला. ते थोडक्यात बचावले. अशा गावात, अशा पालिकेत, फुल्यांचं नाव पुन्हा पटलावर आणणं हे गमतीचं काम नव्हतं.

ठराव का मंजूर झाला

मग १९२५ ला जे होऊ शकलं नाही ते १९३८ च्या सुमारास कसं झालं? श्रेय एकट्या अत्र्यांना देऊन मोकळं होणं सोपं आहे. पुण्यात तसंच सांगितलं जातं, आणि अत्र्यांनी ते कधी नाकारलं असेल असं त्यांचा स्वभाव पाहता वाटत नाही. गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही, ही ज्यांची लाडकी अतिशयोक्ती, त्यांच्याकडून विनयाची अपेक्षा का करावी!

पण नीट पाहिलं तर जमीन आधीच नांगरलेली होती. मधल्या काळात जेधे काँग्रेसमध्ये आले होते. काकासाहेब गाडगीळ आणि जेधे ही जोडी जमली होती. १९३० च्या सत्याग्रहानंतर महाराष्ट्रातली काँग्रेस पेठांतल्या वाड्यांतून बाहेर पडून गावोगावच्या बहुजन समाजात पाय रोवू लागली होती. १९३६ चं अधिवेशनच फैजपूर या खेड्यात भरलं होतं. फुल्यांच्या नावाला विरोध करणं आता काँग्रेसवाल्याला परवडणारं नव्हतं. बाहेर सभेत ज्यांची मतं मागायची त्यांच्या माणसाला सभागृहात नकार कसा द्यायचा? १९२५ ला विरोध करणाऱ्यांपैकी ज्यांचं मन बदललं नव्हतं त्यांचीही निदान तोंडं बंद झाली होती.

दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे, आणि शाळा चालवलेल्या माणसाला ते पहिल्यांदा सुचावं असं. पुतळ्याला जागा लागते. जागेवरून भांडण होतं. पुतळ्याला पैसा लागतो, वर्गणी लागते, शिल्पकार लागतो, अनावरणाला पाहुणा लागतो. या प्रत्येक टप्प्यावर विरोधकाला काडी घालायला फट मिळते. नाव द्यायला यातलं काहीच लागत नाही. सूचक, अनुमोदक आणि बहुमत. आहे त्या इमारतीवर नवी पाटी.

तिसरी गोष्ट टिळकांच्या पुतळ्याची. तो हलवावा लागला नाही, त्याला धक्का लागला नाही. पाटीवरून काढलं गेलं ते नाव एका इंग्रज गव्हर्नरचं. काँग्रेसच्या सभासदाला इंग्रजाचं नाव उतरवायला विरोध करता येणं शक्यच नव्हतं. १९२५ च्या ठरावात फुले विरुद्ध टिळक असा सामना लागला होता. या ठरावात सामना फुले विरुद्ध लॉर्ड रे असा लागला, आणि लॉर्ड रे यांच्या बाजूने उभं राहणार कोण? ठरावाची मांडणी बदलली की मतं कशी बदलतात याचं याहून सुबक उदाहरण मला पुण्याच्या पालिकेत दुसरं दिसत नाही.

आणि मग चौथी गोष्ट, जिथे माझ्या मते कवी दिसतो. नाव द्यायला पुण्यात दुसऱ्या जागा नव्हत्या का? रस्ते होते, शाळा होत्या. फुल्यांचं नाव एखाद्या मुलींच्या शाळेला देणं कितीतरी साजेसं, बिनविरोध आणि बेचव झालं असतं. निवडली ती नेमकी तीच इमारत जिच्यावरच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता. भव्य दगडी ढाचा तसाच, मनोरा तसाच, कमानी तशाच. आत गव्हर्नरच्या जागी व्हाइसरॉयच्या स्वागतखर्चाला एकट्याने नकार देणारा माळी. 'प्रेमाचा गुलकंद' ज्या रीतीने लिहिला गेला तीच ही रीत. अत्र्यांनी हे जाणूनबुजून केलं की त्यांचा हातच तसा वळलेला होता, यावर वाद घालता येईल. मला दुसरं जास्त पटतं. विडंबनाची सवय हाताला लागली की ती ठरावाच्या मसुद्यातही उतरते.

यावर कुणी म्हणेल की फुल्यांचा विरोध होता त्याच इमारतीला त्यांचं नाव देणं ही त्यांचीच थट्टा झाली. आक्षेप वाजवी आहे. 'एवढा पैसा शिक्षणावर घाला' म्हणणाऱ्या माणसाला शाळा न देता भाजीमंडई दिली, हे सत्यशोधक नजरेने पाहिलं तर बोचणारच. पण मंडईत रोज येणारी माणसं कोण, हेही पाहायला हवं. माळी, कुणबी, टोपल्या घेऊन बसलेल्या बाया, हमाल. त्यांच्या रोजच्या पायाखालच्या जागेला त्यांच्यातल्याच माणसाचं नाव लागलं. शाळेच्या पाटीवर ते लागलं असतं तर त्यांतल्या फार थोड्यांच्या नजरेस पडलं असतं.

आणखी एक योगायोग. त्या काळात नगरपालिकेची कचेरी विश्रामबागवाड्यात होती. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेला वाडा. याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मुलींच्या शाळांच्या कामाबद्दल जोतीराव फुल्यांचा सरकारी सत्कार झाला होता, मेजर कँडींच्या हस्ते. पेशव्यांचा वाडा, इंग्रजांचा सत्कार, काँग्रेसची पालिका आणि देशस्थ ब्राह्मण अध्यक्ष: फुल्यांचं नाव मंडईपर्यंत पोचायला इतक्या उंबऱ्यांवरून यावं लागलं.

भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं त्याचं श्रेयही पुण्यात अत्र्यांनाच देतात. ते नाव तर इतकं रुळलं की भांबुर्डा आता गावठाण आणि वनखात्याच्या जंगलापुरताच उरला आहे. पण त्या नामकरणात मला फारसा रस नाही. शिवाजी महाराजांच्या नावाला पुण्यात नाही कोण म्हणणार? सगळ्यांना आधीच मान्य असलेलं नाव देणं हे प्रशासनाचं काम आहे. पुढे चौकाचौकांना आणि पुलांना नावं देण्याचा जो धंदा सुरू झाला तो याच जातीचा. मंडईचं नाव त्या इमारतीशीच भांडत होतं, म्हणून ते वेगळं.

पालिकेने कवीला काय दिलं

हिशेब उलट्या बाजूनेही मांडायला हवा. स्थायी समितीत बसून अत्र्यांनी पुण्याच्या गटारांचं, नळाच्या पाण्याचं, जकातीचं काय केलं? त्या कामांपैकी लोकांच्या तोंडी आज काही नाही, नावं तेवढी आहेत. हे अपयशच म्हणता येणार नाही. गटाराचं काम चांगलं झालं तर ते कुणाला आठवत नाही, वाईट झालं तरच आठवतं. पण अत्र्यांचा पिंड दहा-दहा वर्षं एकाच समितीत बसून फायली हलवण्याचा नव्हता, हेही खरं. ते तिथे फार रमले नाहीत.

पालिकेतून त्यांनी स्वतःसाठी मात्र भरपूर नेलं. १९३९ च्या आसपास 'मी उभा आहे' हे निवडणुकीची टर उडवणारं नाटक आलं. उमेदवारीला उभं राहिलेला माणूस किती प्रकारांनी वाकतो हे ज्याने स्वतः उभं राहून पाहिलं आहे त्याचं ते लेखन. त्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' हा चित्रपट आला, दिग्दर्शक मास्टर विनायक. त्यातला दामूअण्णा मालवणकरांचा बगाराम कोण आहे? म्युनिसिपालिटीतला कारकून. गरीब, भाबडा, कुठल्या व्यसनाच्या वाऱ्याला न उभा राहिलेला माणूस औषधाला लागणारी ब्रँडी शोधत दारोदार हिंडतो. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत खेर सरकारची दारूबंदी लागू झाली, त्याच वर्षीचा हा सिनेमा. पक्ष काँग्रेसचा, सरकार काँग्रेसचं, धोरण काँग्रेसचं, आणि काँग्रेसचे माजी स्थायी समिती अध्यक्ष त्यावर पोट धरून हसवताहेत. पक्षाच्या शिस्तीत हा माणूस फार काळ टिकणार नाही हे एवढ्यावरूनच कळायला हवं होतं.

म्हणून कवीने राजकारणात जावं का, या प्रश्नाला अत्र्यांचं प्रकरण सरळ उत्तर देत नाही. पालिकेला त्यांच्याकडून एक-दोन नावं मिळाली. त्यांना पालिकेकडून नाटक मिळालं, सिनेमातलं पात्र मिळालं आणि सत्तेत बसलेली माणसं जवळून कशी दिसतात हे बघायला मिळालं. व्यवहार अत्र्यांच्याच फायद्याचा झाला.

जेधे पुन्हा भेटतात

१९४० मध्ये अत्र्यांनी 'नवयुग' साप्ताहिक काढलं. १९४२ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. काँग्रेसशी नातं ताणत ताणत तुटलं. नगरपालिकेचं प्रकरण खरं तर इथे संपायला हवं होतं, पण त्याचा धागा १९५६ मध्ये परत वर येतो.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या सभेच्या अध्यक्षस्थानी केशवराव जेधे होते. तेच जेधे, ज्यांचा पुतळ्याचा ठराव १९२५ ला पडला होता. समितीत एस. एम. जोशी होते, डांगे होते, प्रबोधनकार होते आणि अत्रे होते. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, ब्राह्मण, ब्राह्मणेतर, असं एरवी एका ताटात न जेवणारं मंडळ एका मागणीवर एकत्र आलं. १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांचा 'मराठा' सुरू झाला आणि चळवळीला रोजचं तोंड मिळालं.

इथे मला मंडईचा ठराव पुन्हा आठवतो तो एका कारणासाठी. ब्राह्मण घरातला माणूस बहुजनांच्या सभेत उभा राहून बोलतो आणि लोक त्याला आपला मानतात, ही गोष्ट त्या काळच्या महाराष्ट्रात आपोआप घडत नव्हती. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जळली त्या १९४८ च्या जाळपोळीनंतर तर नाहीच. अत्र्यांना ती पत होती. ती त्यांच्या विनोदाने मिळवली, वक्तृत्वाने मिळवली, हे खरंच. पण ज्या पालिकेने फुल्यांचा पुतळा नाकारला तिच्यातच अठरा वर्षांपूर्वी त्यांचं नाव लावून घेणारा माणूस म्हणूनही ती मिळालेली होती. त्या ठरावाला पालिकेचा फार तर पाटी रंगवण्याचा खर्च आला असेल. त्यातून जमा झालेली पत मात्र १९५६ ला कामी आली. हे माझं अनुमान आहे. जेध्यांच्या आणि अत्र्यांच्या वाटा एका व्यासपीठावर येतात याचं दुसरं पटणारं स्पष्टीकरण मला सापडत नाही, एवढंच.

अत्रे पुढे विधानसभेतही गेले. तिथली त्यांची भाषणं गाजली, पण सभागृहाच्या नियमांत त्यांचा आवाज मावत नसे. त्यांचं खरं सभागृह शिवाजी पार्क आणि शनिवारवाड्याचं पटांगण.

दुसरा कवी, दुसरा दरवाजा

तुलनेसाठी पुण्यातलाच दुसरा कवी घ्यावा. ग. दि. माडगूळकर १९६२ पासून बारा वर्षं विधान परिषदेत होते. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं आणि वर्षभरात छप्पन्न गीतांनी गदिमा घराघरांत पोचले. त्यांना कुणाच्या दारात मत मागायला जावं लागलं नाही. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतल्या माणसांना राज्यपालांनी नेमायची घटनेत तरतूद आहे, त्या दाराने ते आत गेले. ना. धों. महानोरही पुढे याच दाराने गेले आणि शेती-पाण्याच्या प्रश्नावर सभागृहाला ऐकायला लावून आले.

हा दरवाजा सन्मानाचा आहे यात वाद नाही. पण नेमलेल्या कवीशी सहमत होण्याची कुणाला गरज नसते, आणि त्याच्याशी भांडण्याचीही नसते. त्याचं भाषण संपल्यावर बाकं वाजतात. निवडून आलेल्या कवीला बहुमत जमवावं लागतं, म्हणजे न पटणाऱ्या माणसाला पटेल अशी मांडणी शोधावी लागते. लॉर्ड रे यांना समोर उभं करून फुल्यांना आत घेण्याची युक्ती त्या गरजेतूनच सुचली असणार. नेमलेल्या सभासदाला ती सुचली नसती, कारण त्याला तिची गरजच पडली नसती.

आणि मंडई

पुण्यात कुणी 'महात्मा फुले मंडईत जाऊन येतो' म्हणत नाही. सगळे 'मंडईत' जातात. गणपतीत अखिल मंडई मंडळाची शारदा, निवडणुकीत 'मंडई विद्यापीठा'चे, म्हणजे तिथल्या गप्पांच्या अड्ड्याचे, अंदाज, एरवी मेथी-कोथिंबीर. बाहेर टिळक उभे आहेत, पाटीवर फुले आहेत. १९२५ मध्ये ज्या दोन नावांनी शहर फाटलं होतं ती दोन्ही एकाच जागी आहेत आणि भाजी घेऊन निघालेल्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही.

फुल्यांचा विषय अत्र्यांनी ठरावावर सोडून दिला असता तर हे नामकरण राजकीय हुशारीचा एक नमुना म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. तसं झालं नाही. १९५३ मध्ये त्यांचा 'श्यामची आई' आला आणि त्या वर्षीच्या चित्रपटांत त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्या चित्रपटानंतर बाजारात चालेल असा कुठलाही विषय घ्यायला ते मोकळे होते. त्यांनी घेतला 'महात्मा फुले'. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. १९५४ च्या चित्रपटांत त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. या वेळी अनुमोदक नव्हता, बहुमत नव्हतं आणि पालिकेची तिजोरीही नव्हती. निर्मिती अत्रे पिक्चर्सची होती.